इमारतीचा जन्मभराचा कार्बन: मोजायचा कधी, कमी करायचा कुठे?

रेघोट्या
मंडळी, याच विषयावर जुना धागा असेल तर लिंक द्या, मला सापडला नाही म्हणून नवीन काढतेय. सध्या एका ऑफिस बिल्डिंगवर काम चालू आहे, सहा मजले, साधारण १० हजार चौरस मीटर, कॉन्सेप्ट डिझाइन संपत आलंय आणि क्लायंटला आता होल लाइफ कार्बनचा रिपोर्ट हवाय. म्हणजे नुसती वीज किती लागेल ते नाही, सिमेंट-स्टील बनताना जे बाहेर पडलं तिथपासून शेवटी इमारत पाडून राडारोडा हलवेपर्यंतचं सगळं. दोन कन्सल्टंटकडून कच्चे आकडे मागवले तर एक म्हणतो ४८० किलो कार्बन डायऑक्साइड प्रति चौरस मीटर, दुसरा म्हणतो ९१०! ड्रॉइंग तीच, बिल्डिंग तीच, आणि आकडा जवळजवळ दुप्पट. क्लायंट अर्थातच म्हणतोय ४८० वाल्याला काम द्या. मला स्ट्रक्चरचं आणि या हिशोबाचं दोन्हीचं ज्ञान बेताचंच, तर जाणकारांनी सांगा की यातलं खरं कोण आणि हा आकडा कमी करायचा म्हणजे नक्की कुठे हात घालायचा. फक्त 'ग्रीन सिमेंट वापरा' एवढंच सांगू नका, ते मीही ऐकलंय.

हिशोबनीस
दोघेही खरे असू शकतात. पहिला प्रश्न विचारा की कुठल्या मॉड्यूलचा आकडा आहे. युरोपियन स्टँडर्ड ईएन १५९७८ (२०११ चं) आहे त्यात इमारतीचं आयुष्य ए, बी, सी असं वाटून दिलंय आणि आता जवळपास सगळीकडे हीच भाषा चालते. ए१ ते ए३ म्हणजे कच्चा माल काढण्यापासून फॅक्टरीच्या गेटपर्यंत, ए४ साइटवर आणणं, ए५ बांधणं आणि त्यात होणारी नासाडी. बी म्हणजे वापराचा काळ: बी१ मध्ये वापरात असताना थेट सुटणारे वायू, बी२ ते बी५ देखभाल-दुरुस्ती-बदल-नूतनीकरण, बी६ ऊर्जा, बी७ पाणी. सी१ ते सी४ पाडणं, वाहून नेणं, प्रक्रिया आणि विल्हेवाट. आणि डी हे हद्दीबाहेरचं खातं, म्हणजे उद्या हे स्टील वितळवून परत वापरलं तर जगाचा किती फायदा होईल वगैरे. डी कधीही बेरजेत धरायचं नाही, वेगळं दाखवायचं. कोणी वजा करून दिलं असेल तर रिपोर्ट परत पाठवा.

माझा अंदाज, ४८० वाल्याने ए१ ते ए५ आणि तेसुद्धा स्ट्रक्चर आणि फसाड (बाहेरचं दर्शनी आवरण) एवढंच धरलंय. ९१० वाल्याने ए ते सी, ६० वर्षं, एसी-इलेक्ट्रिकल-प्लंबिंग आणि आतलं फिनिशिंग धरून, बी६-बी७ बाजूला ठेवून काढलंय. एकाने चपलांसकट उंची मोजली, दुसऱ्याने अनवाणी. आणि हो, चौरस मीटर कुठला तेही विचारा. ग्रॉस इंटर्नल एरिया (बाहेरच्या भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) की पार्किंगसकट सगळा, यानेच आकडा बराच इकडेतिकडे होतो.

शंकासुर
म्हणजे थोडक्यात ज्याला जो आकडा पाहिजे तो काढून मिळतो. मग या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय राव? मला तरी हा प्रकार सर्टिफिकेट लावून फोटो काढण्यापुरताच दिसतो. पूर्वी वीज वाचवा म्हणायचे ते कळत होतं, मीटर होता. इथे मीटरच नाही, सगळं एक्सेल शीट.

हिशोबनीस
शंका रास्त आहे पण अर्धीच. मीटर नाही हे खरं, पण क्वांटिटी असतात ना. काँक्रीट किती घनमीटर, सळई किती टन, काच किती, हे कोणाला काढायला सांगायची गरज नाही, ते बिलासाठी तसंही काढलंच जातं. त्याला एमिशन फॅक्टरने, म्हणजे एका किलोमागे किंवा घनमीटरमागे किती कार्बन सुटतो त्या आकड्याने गुणायचं, एवढाच गाभा. फॅक्टर येतो ईपीडी मधून, म्हणजे उत्पादकाने ईएन १५८०४ प्रमाणे करून तिसऱ्याकडून तपासून घेतलेला दाखला, साधारण पाच वर्षं चालतो. ईपीडी नसेल तर आइस डेटाबेससारखे सरासरी आकडे, तो मुळात बाथ विद्यापीठात तयार झाला. गोंधळ होतो तो काय धरलं आणि काय सोडलं यात. तेवढ्यासाठीच रिक्सने, म्हणजे ब्रिटनमधल्या सर्व्हेयर मंडळींच्या संस्थेने, २०१७ मध्ये नियमावली काढली आणि २०२३ मध्ये दुसरी आवृत्ती आणली, त्यात ६० वर्षांचा काळ, कुठले भाग धरायचेच, अनिश्चिततेसाठी किती राखीव ठेवायचं असं सगळं बांधून दिलंय.

दोन वेगवेगळ्या लोकांच्या आकड्यांची तुलना करू नका हे मात्र शंभर टक्के. एकाच माणसाने, एकाच पद्धतीने काढलेल्या दोन पर्यायांची तुलना करा. तिथे हा हिशोब खरा कामाला येतो.

बीमकॉलम
हिशोबनीसांशी सहमत, आणि आता माझ्या बाजूने. मी स्ट्रक्चरल. रेघोट्या ताई, तुमचा कॉन्सेप्ट संपत आलाय म्हणताय म्हणजे कॉलम ग्रिड (खांब किती अंतरावर ते) ठरला की नाही? कारण ९० टक्के वेळा आमच्याकडे हा प्रश्न येतो तेव्हा ग्रिड, मजल्यांची उंची, बेसमेंट सगळं पक्कं झालेलं असतं, आणि मग 'तुमचं सिमेंट बदला' एवढंच उरतं.

साधा हिशोब दाखवतो, फॅक्टर गृहीत धरलेले आहेत, तुमच्याकडचे वेगळे असतील. काँक्रीट ३०० किलो सीओटू प्रति घनमीटर, सळई २ किलो प्रति किलो. फ्लॅट स्लॅब २५० मिमी असेल तर एका चौरस मीटरला पाव घनमीटर काँक्रीट, म्हणजे ७५ किलो. सळई घनमीटरला १०० किलो धरली तर २५ किलो सळई, त्याचे ५०. एकूण १२५. आता स्पॅन थोडा कमी करून स्लॅब २०० वर आणला तर ६० अधिक ४०, म्हणजे १००. फरक २५ किलो प्रति चौरस मीटर. दिसायला किरकोळ, पण १० हजार चौरस मीटरला २५० टन. आणि स्लॅब हलका झाला की कॉलम बारीक होतात, फाउंडेशन लहान होतं, ते वेगळंच. एवढं वाचवायला ना नवीन सिमेंट लागलं ना कुठली टेक्नॉलॉजी, फक्त कॉलम कुठे ठेवायचे हे लवकर बोलायला लागलं. पण आर्किटेक्टला मोकळा हॉल पाहिजे आणि लीजिंगवाल्याला ब्रोशरमध्ये 'कॉलम-फ्री' लिहायचंय, तिथे सगळं अडतं.

रेघोट्या
@बीमकॉलम, टोमणा पोचला :) ग्रिड अजून पक्का नाही, ९ बाय ९ मीटर चाललंय, ७.५ करून बघता येईल. पार्किंगमुळे ९ धरलं होतं खरंतर, वरच्या ऑफिसला त्याची गरज नाहीये.

बीमकॉलम
हेच! बेसमेंटचं पार्किंग वरच्या सहा मजल्यांचा ग्रिड ठरवतं, नाहीतर मग मध्ये ट्रान्सफर स्लॅब (वरच्या कॉलमचं वजन खालच्या वेगळ्या जागच्या कॉलमवर नेणारा जाड स्लॅब) टाकावा लागतो आणि तो मीटर-दीड मीटरचा झाला की वर वाचवलेलं सगळं तिथे जातं. मुळात बेसमेंट किती पाहिजे तेच परत विचारा. खोदाई, रिटेनिंग वॉल, राफ्ट, वॉटरप्रूफिंग, कार्बनच्या दृष्टीने सगळ्यात महागडा चौरस मीटर जमिनीखाली असतो.

दुसरं म्हणजे लोड. युरोकोडात ऑफिसच्या मजल्याला २ ते ३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर आहे, आणि ब्रीफमध्ये ५ लिहून येतं, 'पुढे लागलं तर' म्हणून. ते पुढे कधी लागत नाही. २०१४ मध्ये केंब्रिजच्या दोघा संशोधकांनी २३ स्टील इमारतींमधले १० हजारांहून जास्त बीम तपासले होते, सरासरी बीम स्वतःच्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी काम करत होता. कारण काय तर सगळे बीम एकाच साइजचे ठेवले की ड्रॉइंग सोपं, ऑर्डर सोपी, चूक व्हायची भीती कमी. इंजिनिअर घाबरट असतो असं नाही, त्याला तासाचे पैसे मिळतात आणि स्टील दुसऱ्याच्या खिशातून जातं.

मुकादम
बराच वेळ वाचतोय, आता राहवत नाही. साहेब लोकं ऑफिसात बसून प्रत्येक बीम वेगळ्या साइजचा करणार आणि साइटवर आम्ही कुठला कुठे जातो ते शोधत बसणार का? थोडं एकसारखं असू द्या. चुकीचा बीम लागला तर तो काढून परत लावण्यात किती कार्बन जाईल तोही धरा मग. फॉर्मवर्कचंही तेच, एकच साइज असेल तर प्लायवूडचा तोच सेट परत परत वापरता येतो.

बीमकॉलम
मुद्दा मान्य, दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. तीन-चार साइज ठेवल्या तरी बराच फरक पडतो, चाळीस नको.

वाचनमात्र
उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे. एक बेसिक प्रश्न, सिमेंटला एवढं का बदनाम करतात? भट्टी विजेवर किंवा हायड्रोजनवर चालवली तर प्रश्न सुटणार नाही का?

हिशोबनीस
नाही सुटणार, आणि हेच सिमेंटचं दुखणं आहे. क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होतं तो भट्टीतला माल, बनवायला चुनखडी भाजावी लागते, भट्टीत साधारण १४५० अंशांपर्यंत. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच उडून जातो. इंधन कुठलंही वापरा, हा भाग तसाच राहतो. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनात निम्म्याहून जास्त वाटा या दगडातून निघालेल्या वायूचा आहे, इंधनाचा त्यानंतर. जगाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७-८ टक्के एकट्या सिमेंटचा धरतात. म्हणून खरा उपाय म्हणजे क्लिंकर कमी करणं. एक तर काँक्रीटच कमी वापरा, नाहीतर सिमेंटमध्ये क्लिंकरच्या जागी दुसरं काही घाला.

रेघोट्या
दुसरं काही म्हणजे स्लॅग आणि फ्लाय अॅश (कोळशाच्या वीजकेंद्रातली राख) ना? ९१० वाल्या रिपोर्टमध्ये शेवटी लिहिलंय की ७० टक्के स्लॅग घातला तर आकडा बराच खाली येईल. मग घालूया की.

हिशोबनीस
इथे जरा थांबा. तुमच्या रिपोर्टमधला आकडा येईल खाली, नक्की. पण स्लॅग हा ब्लास्ट फर्नेसमधून लोखंडाबरोबर निघणारा माल आहे, तो तुमच्या मागणीप्रमाणे वाढत नाही. जगात जो चांगल्या प्रतीचा निघतो तो जवळपास सगळा आधीच कुठे ना कुठे वापरला जातोय. तुम्ही ७० टक्के उचललात तर दुसऱ्या कोणालातरी तेवढं कमी मिळणार आणि तो साधं सिमेंट वापरणार. वातावरणाच्या खात्यात फरक शून्याच्या जवळ. पुढे स्टील जसजसं भंगारातून इलेक्ट्रिक फर्नेसमध्ये बनेल आणि कोळशाची वीजकेंद्रं बंद होतील तसतसं स्लॅग आणि फ्लाय अॅश दोन्ही आटणार.

त्यापेक्षा एलसी-थ्री या कमी क्लिंकरच्या सिमेंटकडे बघण्यासारखं आहे. स्वित्झर्लंडमधलं ईपीएफएल, क्यूबामधले लोक आणि भारतातल्या आयआयटी यांनी मिळून केलेलं काम. नेहमीचं प्रमाण ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी, ५ टक्के जिप्सम. माती ७०० ते ८५० अंशांवर भाजते आणि त्यातून दगडासारखा वायू निघत नाही. साध्या पोर्टलंड सिमेंटच्या तुलनेत साधारण ४० टक्क्यांपर्यंत बचत धरतात. आणि माती जगात भरपूर आहे, कुणाची हिसकावून घ्यावी लागत नाही.

मुकादम
कुठलंही घाला, पण मला सांगा स्लॅब किती दिवसांनी उघडायचा. स्लॅग जास्त घातला की सुरुवातीची ताकद हळू येते, थंडीत तर विचारूच नका. शटरिंग अडकून पडलं की सायकल लांबते आणि शिव्या आम्हाला. मग कोणीतरी गुपचूप सिमेंट वाढवतो आणि तुमचा कार्बन तिथेच गेला. हे कुठल्या रिपोर्टमध्ये येत नाही.

बीमकॉलम
मुकादम म्हणतायत ते अगदी बरोबर, म्हणून एकच मिक्स सगळीकडे लिहायचं नाही. फाउंडेशनवर पूर्ण लोड यायला कित्येक महिने लागतात, तिथे २८ दिवसांची ताकद मागण्यात काही अर्थ नाही, ५६ किंवा ९० दिवसांची लिहा, कमी क्लिंकर आरामात चालतं. स्लॅब, त्यातही पोस्ट-टेन्शन (काँक्रीट ओतल्यावर आतल्या केबल ताणायच्या) असेल तर तीन-चार दिवसांत ताण द्यायचा असतो, तिथे जास्त क्लिंकर राहू दे. आणि कुठे जास्त आणि कुठे कमी हे टेंडरच्या आधी काँक्रीटवाल्याशी बोलून ठरवा. स्पेसिफिकेशनमध्ये 'किमान सिमेंट एवढे किलो' असं पिढ्यानपिढ्या कॉपी-पेस्ट होत आलेलं वाक्य असतं, ते आधी काढा. अर्ध्या वेळेला कोणालाच माहीत नसतं ते तिथे का आहे.

लाकूडतोड्या
एवढी चर्चा सिमेंटवर आणि लाकडाचं नाव कोणी घेतलं नाही! मास टिंबर वापरा की, सीएलटी पॅनेल (आडव्या-उभ्या फळ्या चिकटवून केलेले), ग्लुलॅम कॉलम (पट्ट्या चिकटवून केलेले). लाकूड कार्बन पोटात धरून ठेवतं. नॉर्वेतली म्योसटॉर्नेट १८ मजली आहे, ८५ मीटरच्या वर, २०१९ ला पूर्ण झाली. सहा मजली ऑफिस तर हसत हसत होईल. आमच्याकडच्या शीटमध्ये तर आकडा चक्क निगेटिव्ह येतो.

हिशोबनीस
निगेटिव्ह आला म्हणूनच सावध व्हा. कोरडं लाकूड वजनाने साधारण निम्मं कार्बन असतं. एका घनमीटर सीएलटीमध्ये कोरडं लाकूड ४३० किलो धरलं तर २१५ किलो कार्बन, त्याला ४४ भागिले १२ ने गुणलं की जवळपास ७९० किलो कार्बन डायऑक्साइड झाडाने हवेतून घेतलेला. ईएन १५८०४ च्या नव्या आवृत्तीप्रमाणे हे ए१ मध्ये वजा दाखवतात आणि सी मध्ये, लाकूड जाळलं, कुजलं किंवा दुसऱ्या कामाला दिलं तरी, तेवढंच परत जमा करतात. पूर्ण आयुष्यात बेरीज शून्य. ज्याने फक्त ए१ ते ए३ दाखवलं त्याने झाडाने घेतलेलं मोजलं आणि परत देणं पुढच्या पिढीवर सोडलं. म्हणून हा साठा वेगळ्या ओळीत दाखवायचा, वरच्या आकड्यात मिसळायचा नाही.

लाकडाचा खरा फायदा आहे, नाही असं नाही. करवतीपासून पॅनेलपर्यंतचं फॉसिल उत्सर्जन काँक्रीट फ्रेमपेक्षा सहसा कमी येतं, आणि इमारत हलकी होते म्हणून फाउंडेशन लहान. पण जंगल परत लावलं जातंय का आणि शेवटी त्या लाकडाचं काय होतं यावर सगळं अवलंबून. लँडफिलमध्ये कुजून मिथेन झाला तर हिशोब उलटा फिरतो.

बीमकॉलम
लाकूडतोड्या, म्योसटॉर्नेटचं उदाहरण दिलंत म्हणून सांगतो, तिथे वरच्या मजल्यांना काँक्रीटचे स्लॅब टाकलेत. इमारत इतकी हलकी होती की वाऱ्यात हलण्याचा त्रास व्हायला नको म्हणून मुद्दाम वजन वाढवलं. मला वाटतं हेच बरोबर आहे, जिथे जे चालतं ते वापरा, धर्म करून बसू नका.

थंडगार
मी एचव्हीएसीवाला, म्हणजे एसी आणि हवा खेळवण्याचं काम, आमच्याकडे कोणी बघतच नाही. बी१ म्हटलं की सगळे पान उलटतात. एसीतल्या गॅसचा हिशोब बघा. आर-४१० ए या गॅसचा ग्लोबल वॉर्मिंग पोटेन्शियल, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो तो आकडा, २०८८, म्हणजे एक किलो गळला की दोन टनांच्या वर. समजा सिस्टीममध्ये १०० किलो गॅस आहे आणि वर्षाला ५ टक्के गळतो, म्हणजे ५ किलो, म्हणजे दहा टनांच्या वर दरवर्षी. ६० वर्षांत ६२० टनांच्या पुढे. बीमकॉलम साहेबांनी स्लॅब बारीक करून २५० टन वाचवले, ते सगळे इथे पाइपच्या सांध्यातून निघून गेले की वर आणखी! तोच हिशोब आर-३२ ने करा, त्याचा ६७५ आहे, तर दोनशे टनांच्या आसपास. प्रोपेन म्हणजे आर-२९० घेतला तर जवळजवळ काहीच नाही, पण तो पेट घेतो, म्हणून युनिट बाहेर ठेवून आत पाणी फिरवायचं.

हिशोबनीस
फार चांगला मुद्दा. एक दुरुस्ती जोडतो, ६० वर्षं तोच गॅस राहणार नाही, किगाली करारानंतर (२०१६) हे गॅस टप्प्याटप्प्याने कमी होतायत, शिवाय मशीन २० वर्षांनी बदलेल. पण पहिल्या २० वर्षांचे दोनशे टन तरी आहेतच. आणि ४८० वाल्या रिपोर्टमध्ये हे शून्य आहे, कारण त्याने बी धरलाच नाही.

बदलण्याचंही तसंच. काँक्रीट फ्रेम ६० वर्षं टिकते, फसाड ३० वर्षांनी बदलतो, मशिनरी २० वर्षांनी म्हणजे दोनदा बदलली, कार्पेट १० वर्षांनी म्हणजे मूळचं सोडून पाच वेळा. कार्पेट एकदा बसवताना नगण्य वाटतं. ऑफिसमध्ये तर भाडेकरू बदलला की धडधाकट फॉल्स सीलिंग फोडतात आणि नवं लावतात, बिल्डरने विकायला म्हणून लावलेलं सीलिंग तर कधी कधी कोणी न बघताच कचऱ्यात. मला विचाराल तर या क्षेत्रातला सगळ्यात निरर्थक कार्बन हाच. सीलिंग लावूच नका, सर्व्हिसेस उघड्या ठेवा, भाडेकरूला काय ते ठरवू दे.

शंकासुर
बरं, थोडं पटायला लागलंय. पण माझी दुसरी शंका. मी सगळीकडे वाचतो की 'स्थानिक मटेरियल वापरा'. इथे कोणीच ते म्हणालं नाही?

हिशोबनीस
कारण बहुतेक इमारतींत ए४ म्हणजे वाहतूक एकूणाच्या काही टक्क्यांतच असते. स्टील कुठल्या भट्टीत बनलं हे ते किती लांबून आलं यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं. कोळशाच्या ब्लास्ट फर्नेसमधलं टनाला दोन टनांच्या वर जातं, भंगारातून इलेक्ट्रिक फर्नेसमध्ये बनलेलं त्याच्या एका लहान हिश्श्यात, वीज कुठली त्यावर. जहाजाने आलेलं दुसरं जवळच्या पहिल्यापेक्षा सहज बरं ठरतं. वाळू-खडी-दगड यांचं मात्र उलटं, तिथे बनवण्यात फार काही जात नाही म्हणून ट्रकचं अंतर दिसतं. भंगाराच्या स्टीललाही स्लॅगचाच नियम लागू बरं का, भंगारही मर्यादितच आहे. टन कमी वापरा हे पहिलं, कुठलं वापरा हे दुसरं.

वाचनमात्र
काँक्रीट हवेतला कार्बन परत शोषून घेतं असंही कुठेतरी वाचलं होतं, ते धरतात का?

बीमकॉलम
धरतात, कार्बोनेशन म्हणतात, थोडंसं बी१ मध्ये आणि पाडून चुरा केल्यावर जास्त, कारण पृष्ठभाग वाढतो. पण उभ्या इमारतीत आम्हाला ते नकोच असतं! कार्बोनेशन आत सळईपर्यंत पोचलं की काँक्रीटचा अल्कलीपणा जातो आणि सळई गंजते. सळईवर काँक्रीटचं कव्हर कशाला देतो आपण. त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका, आणि जेवढं शोषलं जातं ते बनवताना सुटलेल्याच्या मानाने थोडंच.

लाकूडतोड्या
रच्याकने, रेघोट्या ताईंनी एक सांगितलंच नाही, त्या प्लॉटवर आत्ता काय आहे? मोकळी जागा की जुनी इमारत?

रेघोट्या
जुनी चार मजली आहे, काँक्रीट फ्रेम, मजल्याची उंची ३.२ मीटर. क्लायंट म्हणतो उंची कमी आहे, पाडा.

हिशोबनीस
अहो ताई हे पहिल्या पोस्टमध्ये पाहिजे होतं! आता सगळ्या धाग्याचा रोखच बदलला. उभी असलेली फ्रेम आणि फाउंडेशन म्हणजे आधीच हवेत गेलेला कार्बन, तो परत मोजावा लागत नाही. नवीन इमारतीच्या सुरुवातीच्या कार्बनमध्ये बहुधा निम्म्याहून जास्त वाटा स्ट्रक्चरचाच असतो आणि तोच तुम्ही पाडायला निघालात.

लंडनमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर मार्क्स अँड स्पेन्सरच्या दुकानावरून हाच वाद झाला. २०२३ च्या जुलैमध्ये मंत्री मायकेल गोव्ह यांनी पाडायची परवानगी नाकारली, मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारने परवानगी दिली. दोन्ही बाजू कार्बनचेच हिशोब घेऊन भांडत होत्या. पाडणारे म्हणत होते नवी इमारत ऊर्जा कमी खाईल आणि काही वर्षांत फेडेल, राखणारे म्हणत होते जुनीचीच नीट डागडुजी केली तर तेवढीच ऊर्जा वाचते, मग तुलना मोडक्या इमारतीशी का करता. मला दुसरा मुद्दा पटतो. शिवाय वीज जसजशी स्वच्छ होत जाईल तसतशी पुढे वाचणाऱ्या युनिटची कार्बनमधली किंमत कमी होते, आणि आज ओतलेल्या काँक्रीटचा कार्बन मात्र आजच बाहेर पडतो.

लाकूडतोड्या
बोर्डोमधलं ग्रां पार्क बघा, लाकातों आणि वासाल या आर्किटेक्टांचं. ५३० घरं, एकही पाडलं नाही, लोक राहत असतानाच बाहेरून नवीन बाल्कनी आणि काचेच्या बंद गॅलऱ्या जोडल्या. त्यांना २०२१ चं प्रिट्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं मोठं पारितोषिक, मिळालं. जुन्या चार मजल्यांवर दोन मजले लाकडाचे चढवा, हलके असतात म्हणून बऱ्याचदा जुनं फाउंडेशन पेलतं. हे घ्या, लाकडाची योग्य जागा सापडली :)

बीमकॉलम
+१. आधी कोअर (काँक्रीटचा गोल नमुना) काढून काँक्रीटची ताकद तपासा, जुनी ड्रॉइंग मिळतात का बघा, सळईचं स्कॅनिंग करा. जुने लोड गणितात बऱ्याचदा उदार धरलेले असतात, त्यामुळे दोन हलके मजले बसायची शक्यता चांगली आहे पण तपासल्याशिवाय मी लिहून देणार नाही. ३.२ उंचीत फॉल्स सीलिंग नाही लावलं तर चालून जाईल, वर हिशोबनीस म्हणालेच तसं.

शंकासुर
क्लायंटला हे सगळं ऐकायचं कारण काय? नियम थोडाच आहे.

हिशोबनीस
काही देशांत आहे. डेन्मार्कमध्ये १ जानेवारी २०२३ पासून १००० चौरस मीटरच्या वरच्या नव्या इमारतींना वर्षाला १२ किलो प्रति चौरस मीटर ही मर्यादा आली, ५० वर्षांवर काढलेली, ऊर्जेसकट, आणि २०२५ मध्ये ती आणखी कडक केली. फ्रान्समध्ये आरई २०२० हा नियम २०२२ पासून. स्वीडनमध्ये २०२२ पासून जाहीर करणं बंधनकारक. लंडनमध्ये २०२१ च्या प्लॅनप्रमाणे मोठ्या प्रकल्पांना परवानगीच्या वेळीच होल लाइफ हिशोब द्यावा लागतो. युरोपियन युनियनमध्ये २०२८ पासून १००० चौरस मीटरच्या वर आणि २०३० पासून सगळ्या नव्या इमारतींना आकडा जाहीर करावा लागणार. मर्यादा आली की दुप्पट फरकाचे खेळ आपोआप बंद होतात, कारण पद्धतही नियमातच लिहावी लागते. तुमच्या क्लायंटला कुठला नियम लागू होतो ते तुम्ही बघा, पण त्याचे भाडेकरू मोठ्या कंपन्या असतील तर त्या विचारतातच.

रेघोट्या
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मी असं ठरवतेय: दोन्ही कन्सल्टंटना एकच स्कोप लिहून देते, ए ते सी, ६० वर्षं, बी६-बी७ वेगळं, डी वेगळं, गॅससकट, ग्रॉस इंटर्नल एरियावर. आणि तीन पर्याय मागते: पाडून ९ मीटर ग्रिड, पाडून ७.५ ग्रिड, आणि जुनी ठेवून वर दोन मजले. या टप्प्याला किती बारकाईने मागू? बीआयएम मॉडेल (इमारतीचं माहितीसकट थ्री-डी मॉडेल) अजून अर्धवटच आहे.

हिशोबनीस
मॉडेलसाठी थांबू नका. स्लॅबची जाडी, ग्रिड, फसाडचं क्षेत्रफळ, बेसमेंटची खोली, गॅसचे किलो, एवढ्यावर हाताने काढलेला हिशोब पर्याय निवडायला पुरतो. २० टक्के चुकला तरी तीन पर्यायांचा क्रम सहसा बदलत नाही, पुढे फिनिशिंगचे दहावे दशांश काढत बसण्यापेक्षा हे या आठवड्यात करा. तिसऱ्या पर्यायाचा एरिया वेगळा येईल, म्हणून प्रति चौरस मीटरबरोबर एकूण टनही मागा. दर चौरस मीटरला चांगली दिसणारी इमारत नुसती मोठी असू शकते. आणि इन्सुलेशनची तुलना किलोवर करू नका, तेवढाच उष्णतारोध द्यायला किती जाडी लागते त्यावर करा, यात बरेच फसतात.

मुकादम
आणि माझं एक ऐका. टेंडरमध्ये लिहा की प्रत्येक ट्रकचं चलन जमा करायचं, मिक्सचं नाव, सिमेंट किती, स्लॅग किती, डिझेल किती जळलं, किती माल परत गेला. काम संपल्यावर मागितलं तर कोणाकडे काही नसतं, मग तुमचे कन्सल्टंट ड्रॉइंगवरचाच आकडा 'अॅज बिल्ट' म्हणून छापतात. सुरुवातीलाच एक पोरगा बसवा त्या कामाला, आणि त्याचा पगार बिलात वेगळी ओळ म्हणून दाखवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात त्याला शटरिंग मोजायला पाठवतील.

रेघोट्या
@मुकादम, वेगळी ओळ टाकते. डिझेल जनरेटरचं आणि क्रेनचं एकत्र चालेल की वेगळं?

मुकादम
वेगळं. क्रेन विजेवर असेल तर तिला सबमीटर लावून घ्या, नंतर भांडण नको.